नाशकात चांगलं खायचं तर आधी वार आणि वेळ बघा

"मिसळ कुठे चांगली?" असं नाशकात पाच जणांना विचारलं तर पाच नावं मिळतात, आणि त्या नावांवरून पाचही जण आपसांत भांडतात. गंमत अशी की पाचही नावं बरोबर असू शकतात, तरी तुमच्या पुढ्यात पांचट रस्सा येऊ शकतो, कारण तुम्ही दुपारी साडेबाराला पोहोचलात. इथे 'कुठे' इतकंच 'कधी' महत्त्वाचं आहे. बाहेरून येणारे नेमके तिथेच फसतात.

म्हणून विचारण्याची पद्धत बदला. रिक्षावाल्याला "चांगलं हॉटेल दाखवा" म्हटलं की तो तुम्हाला एसी आणि काचेचा दरवाजा असलेल्या ठिकाणी नेऊन सोडतो. "तुम्ही सकाळी कुठे खाता?" असं विचारा. मेन रोडवर असाल तर कापड किंवा भांड्यांच्या दुकानातल्या माणसाला विचारा, "चारला चहाबरोबर काय मागवता?" पदार्थ आणि वेळ दोन्ही प्रश्नात आली की उत्तर सहसा खरं मिळतं.

दुसरी खूण म्हणजे दारातल्या गाड्यांच्या नंबरप्लेट. एमएच १५ म्हणजे नाशिक. आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी नऊला दारात एमएच १५ च्या दुचाकी उभ्या असतील तर आत जायला हरकत नाही. शनिवार-रविवारी सगळ्या एमएच ०१ ते ०४, ४३, १२ आणि १४ दिसल्या तर ती मुंबई-पुण्याची गर्दी. ठिकाण वाईट असेलच असं नाही, पण त्या गर्दीवरून चवीचा अंदाज बांधू नका.

मिसळ

मिसळीची वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा. रस्सा पहाटे मोठ्या पातेल्यात होतो. गिऱ्हाईक वाढेल तसं बऱ्याच ठिकाणी त्यात गरम पाणी पडत जातं, आणि वरची तर्री पळीपळीने निघून जाते. साडेअकरानंतर उरतो तो तळाचा मसाला आणि पाणी. पावाचंही तसंच. पहाटे बेकरीतून आलेला पाव नऊला मऊ असतो, बारापर्यंत त्याच्या कडा सुकायला लागतात.

वाराचाही हिशोब आहे. रविवारी सगळं शहर मिसळीला बाहेर पडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, शनिवार मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी शनिवारी असते, त्यामुळे त्या बाजूला आणि सिडकोत शनिवारी सकाळीही रविवारसारखीच गर्दी होते. गंगापूर-सातपूर बाजूच्या साधना हॉटेलची चुलीवरची मिसळ खायची असेल तर मंगळवार ते गुरुवार जा. रविवारीच जायचं असेल तर आठच्या आत पोहोचा, नाहीतर रांग धरा.

प्लेट आली की लगेच सगळं कालवू नका. आधी नुसता रस्सा चमचाभर प्या, लिंबू न पिळता. नाशिकच्या मिसळीत काळ्या मसाल्याला मान आहे. खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे रस्सा तपकिरी-काळसर दिसतो आणि तिखट जिभेवर लागायच्या आधी भाजल्याचा वास येतो. रस्सा लालभडक असेल आणि बोट पुसल्यावर कागदी रुमालावर गुलाबीसर डाग उरत असेल तर रंग घातल्याची शंका घ्या. मग मटकीचा एक दाणा बोटांत दाबा. साल शाबूत राहून आतून दाणा मऊ लागला तर ती नीट शिजली आहे. लगदा झाला असेल तर ती कालची पुन्हा उकळलेली असण्याची शक्यता मोठी. शेव-फरसाणाचा वास घ्या, खवट तेल तिथेच कळतं. कांदा ओला आणि करकरीत हवा. तासभर आधी चिरून ठेवलेला कांदा मरगळतो आणि सगळ्या प्लेटला त्याचा वास लागतो.

जादा रस्सा फुकट आहे की पैसे पडतात, हे बसतानाच विचारा. दुसऱ्यांदा मागताना "तर्री नको, रस्सा द्या" म्हटलं तर पोट दुपारपर्यंत शांत राहतं. तिखट सोसत नसेल तर दही बाजूला मागून घ्या, रस्स्यात पाणी घालायला सांगू नका. पाण्याने तिखटाबरोबर मीठ आणि मसालाही पातळ होतो.

चुलीबद्दल थोडं. दर्शनी भागात चूल पेटलेली असते आणि मागे गॅसवर पातेलं, असा प्रकारही चालतो. धुराचा वास रस्स्यात उतरला आहे का, एवढंच पाहा. चूल नुसती फोटोपुरती असेल तर तिच्यासाठी वीस-तीस रुपये जास्त मोजायचं कारण नाही. द्राक्षबागेतल्या मिसळीलाही हेच लागू. तिथे तुम्ही बागेचे पैसे देता, आणि सोबत लहान मुलं असतील तर ते वसूल होतात.

जुनं नाशिक: वडे, जिलबी, पाववडा

रविवार कारंजा ते मेन रोड हा पट्टा पायी फिरायचा. चारचाकी घेऊन गेलात तर खाण्यापेक्षा पार्किंग शोधण्यात जास्त वेळ जाईल. गाडी बाहेर ठेवा आणि चार ते सात या वेळात या.

मेन रोडवरच्या सायंतारातला साबुदाणा वडा एरवीही चांगला असतो, पण संकष्टी किंवा एकादशीला तो हमखास कढईतून थेट हातात पडतो, कारण खप इतका असतो की घाणा थांबतच नाही. उपवासाच्या दिवशी उपवासाचंच खावं, असा साधा हिशोब. आणि त्याच दिवशी मिसळीच्या ठिकाणी मात्र गिऱ्हाईक रोडावतं.

पाववडा म्हणजे वडापाव उलटा केलेला: पावात भाजी भरून अख्खा पाव डाळीच्या पिठात बुडवून तळायचा. तो तयार करून ठेवलेला कधीच घेऊ नका. दहा मिनिटांत पाव तेल पितो आणि सगळा गोळा जड होतो. कढईकडे बघा: तेल काळं पडलेलं असेल, त्याला फेस येत असेल आणि धूर डोळ्यांत जात असेल तर पुढच्या गाडीवर जा. बुधा हलवाईची जिलबीही गरम असतानाच खायची, घरी नेऊन नाही. लिंबू सरबत किंवा सोडा घेताना बर्फ पाहा. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर ठेवण्याचा महाराष्ट्रात २०१८ पासून नियम आहे, तेव्हा निळी झाक दिसली तर बर्फाशिवाय मागा.

रामकुंड-काळाराम मंदिराच्या परिसरात सामिष शोधत हिंडू नका. तिथे यात्रेकरूंसाठी थाळीची हॉटेलं पुष्कळ आहेत. निवडताना मेनूकार्ड बघा. गुजराती, पंजाबी, दाक्षिणात्य आणि चायनीज सगळं एकाच कार्डावर असेल तर स्वयंपाकघरात चार आचारी नसतात, करून ठेवलेल्या चार ग्रेव्ह्याच सगळ्यात फिरतात. पाटीवर खडूने दोनच भाज्या लिहिलेली खाणावळ शंभर टक्के बरी. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटीत खाण्याचा बेतच आखू नका. कॉलेज रोड किंवा इंदिरानगरकडे जेवून मग घाटावर या.

मटण-भाकरी आणि शेवभाजी

नाशिक खान्देशाच्या उंबऱ्यावर आहे, त्यामुळे काळ्या मसाल्याचं मटण इथे पाहुणं नाही. दिवस निवडायचा तर रविवार किंवा बुधवार. त्या दिवशी खप असतो, म्हणजे मटण त्याच सकाळचं. सोमवार, गुरुवार, शनिवारी बरेच जण सामिष खात नाहीत, आणि श्रावणात तर अर्धी गिऱ्हाइकं गायब होतात. अशा दिवशी फ्रीजमधलं ताटात यायची शक्यता वाढते.

बसल्यावर पहिला प्रश्न: "अळणी आहे का?" मटण रोज ताजं शिजवणाऱ्याकडे मसाला पडण्याआधीचं अळणी पाणी वाटीभर तरी निघतं. दुसरी खूण भाकरी. थापून तव्यावर टाकलेल्या बाजरीच्या भाकरीला पाच-सात मिनिटं लागतात. ऑर्डर दिल्यावर दोन मिनिटांत चार भाकऱ्या आल्या तर त्या आधीच्या, दुमडताना चिरतात. परत पाठवा आणि "गरम एकेक आणा" म्हणा. कुणी रागावत नाही. रस्सा पातळच असतो, त्यावरून नाक मुरडू नका. दाट असेल तर उलट त्यात दाणकूट किंवा पीठ लावलेलं असू शकतं.

ढाब्यावर शेवभाजी मागवताना "शेव वेगळी द्या" एवढंच सांगा. भाजीची शेव जाड आणि तिखट असते, ती रस्स्यात जेवतानाच घालायची. आतून मिसळून आलेली शेव टेबलावर येईपर्यंत पिठलं झालेली असते. भरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जळगावकडची हिरवी लांबट वांगी बाजारात असतात तेव्हा. मे महिन्यात भरीत मागवलंत तर मिळेल, पण ते वेगळ्या वांग्याचं. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. तिथे भाजी बघितली की त्या आठवड्यात खानावळीत काय मागायचं याचा अंदाज येतो.

वाइन

सकाळी मिसळ आणि अकराला वाइन टेस्टिंग, हा मुंबईकरांचा आवडता बेत साफ चुकीचा आहे. तिखटाने जीभ बधिर झाली की लाल शिराझ आणि पांढरी शेनिन ब्लांक यांत रंगापलीकडे फरक कळत नाही. मध्ये किमान चार तास जाऊ द्या, किंवा सकाळी पोहे खाऊन निघा.

सुला, सोमा, यॉर्क या वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूला एकमेकांपासून जवळ आहेत, त्यामुळे एका दुपारी दोन सहज होतात. तिसरं केलंत तर ते आठवणार नाही. द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च असते. वाइन कशी होते हे बघायचं असेल तर तेव्हाच जा. पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतात, पण वेलींवर द्राक्षं नसतात, आणि ती दिसली नाहीत म्हणून हिरमुसलेले पर्यटक दर ऑगस्टात भेटतात. टेस्टिंगला क्रम पाळा: आधी कोरडी पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, शेवटी गोड लेट हार्व्हेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. गोड आधी घेतली तर पुढची प्रत्येक आंबट लागते. तिखट जेवणाबरोबर लाल वाइन कडवट होते. किंचित गोडसर शेनिन ब्लांक थंड करून घ्या.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आधीचे दिवस ड्राय डे असतात. तेव्हा वायनरीतही ओतत नाहीत, बुकिंगआधी तारीख तपासा. परतीची टॅक्सी जातानाच ठरवा. संध्याकाळी त्या रस्त्यावर गाडी मिळायला वेळ लागतो, आणि रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार दंड, कैद किंवा दोन्ही आहे.

मोबाइल आणि बिल

रिव्ह्यू वाचताना 'सर्वात नवीन' हा क्रम लावा. आचारी बदलला की तीन वर्षांपूर्वीचे पाच तारे काही कामाचे नसतात. तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सगळ्यात उपयोगी, कारण ते लिहिणारा रागावलेला नसतो आणि त्याला कुणी फुकट मिठाईही दिलेली नसते. मराठीत लिहिलेले आधी वाचा. मालकाने टाकलेले फोटो सोडा, गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंत पाव आणि कांदा कसा दिसतो ते बघा.

बिलावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा नंबर, हवा. महाराष्ट्रातल्या छोट्या हॉटेलाच्या नोंदणीचा तो सहसा २१५ ने आणि राज्य परवान्याचा ११५ ने सुरू होतो. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. बिलावर कंपोझिशन (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटी योजना) लिहिलेलं असेल तर वेगळा जीएसटी लावताच येत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला दिसला तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे.

निघताना चिवडा घ्या. कोंडाजीचा असो की माधवजींचा, पाकिटावरची पॅकिंगची तारीख वाचा आणि आठवड्याच्या आतलं पाकीट मागा. तळलेल्या कांद्याचा चिवडा फोडल्यावर दमट हवेत एका दिवसात मऊ पडतो, म्हणून एक किलोचं एक पाकीट घेण्यापेक्षा पाव किलोची चार घ्या.