रस्त्याकडेच्या मातीतले जीव कसे तपासायचे

गाड्यांचा धूर दिसतो तरी, पण टायर झिजून पडणारं झिंक, ब्रेकपॅडमधलं तांबं, इंधनाची काजळी हे सगळं गुपचूप मातीत साठत जातं. शिशाचं पेट्रोल जगभरातल्या पंपांवरून २०२१ मध्ये शेवटचं हटलं, तरी जुन्या रस्त्यांच्या कडेला ते शिसं अजून मातीत आहेच, कारण धातू कुजत नाही. आणि ही माती खाऊन जगणाऱ्या गांडुळाच्या अंगात कॅडमियम, झिंक साठतं, तिथून ते त्याला खाणाऱ्या पक्ष्यापर्यंत जातं.

तर आपल्या जवळच्या रस्त्याचं काय चाललंय ते बघायचं असेल तर रस्त्यापासून १, १० आणि ५० मीटरवरून माती घ्या. पहिल्या काही मीटरांतच प्रदूषण सगळ्यात जास्त असतं, पुढे झपाट्याने कमी होतं. तिन्ही नमुने एकाच दिवशी, सारख्याच सावलीतले, वरच्या ५ सेंटीमीटरचे, सारख्याच मापाचे घ्या, हे प्लीज चुकवू नका, नाहीतर फरक ओलाव्याचा की प्रदूषणाचा काहीच कळणार नाही. वाहत्या ट्रॅफिकला पाठ करून खणत बसू नका.

आता प्लास्टिकची बाटली कापून तिचं नरसाळं करा, तोंडाशी २ मिलिमीटरची जाळी, त्यावर माती उलटी ठेवा म्हणजे वरची बाजू खाली, जीवांना आपल्याच वाटेने उतरता येतं. खाली ७० टक्के अल्कोहोलची वाटी. वर साधा पिवळा बल्ब, एलईडी नको कारण काम उष्णतेचं आहे, माती वरून वाळत जाते तसे जीव खाली सरकतात आणि वाटीत पडतात. पाच-सहा दिवस राहू द्या, बल्ब मातीला टेकवू नका. गांडुळं मात्र आधीच हाताने वेचून मोजा आणि परत सोडून द्या, त्यांना मारायची काहीच गरज नाही.

मग भिंगाखाली बघा. पोटाखाली दुमडलेली, टोकाला दुभंगलेली शेपटी दिसली की तो स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतला उड्या मारणारा बारीक जीव, आणि गोल चकचकीत आठ पायांचा तो माइट, कोळ्याचा बारीक नातलग. नुसती एकूण संख्या मोजून थांबू नका! रस्त्याजवळ कधी कधी संख्या तेवढीच भरते पण प्रकार कमी झालेले असतात, नाजूक जाती जाऊन दोन-चार चिवट जाती माजलेल्या असतात, आणि मला तरी खरं नुकसान तिथेच दिसतं. म्हणून प्रत्येक प्रकार वेगळा लिहा, नाव माहीत नसलं तर चित्र काढा. एकाच जागेचा एकच नमुना घेऊन निष्कर्ष काढू नका, प्रत्येक अंतरावर किमान तीन घ्या, आणि कडेची माती पायाखाली, चाकाखाली घट्ट झालीये का तेही लिहून ठेवा, कारण घट्ट मातीतही हे जीव कमी होतात.