इंडिकेटरला एलईडी बसवताना
जुन्या बल्बच्या बुडाकडे आधी नीट बघा. बुडाचे दोन प्रकार असतात: बीए१५एसच्या दोन्ही पिना समोरासमोर असतात, बीएयू१५एसच्या १५० अंशांवर. एकाच्या होल्डरमध्ये दुसरा बसत नाही. बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. काच नारिंगी असली तरी एलईडी नारिंगीच घ्या, पांढरा फिकट दिसतो.

खरी अडचण पुढे येते. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, एलईडी अगदीच थोडा. त्यामुळे जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बल्ब उडाला असं धरतो आणि इंडिकेटर भराभर लुकलुकतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर रिले टाका, हाच चांगला उपाय. बल्बइतका करंट ओढला जावा म्हणून ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर एलईडीला समांतर जोडूनही चालतं, पण तो चटका बसेल इतका तापतो. तो पत्र्यावरच घट्ट बसवा, प्लास्टिकला किंवा वायरींना टेकू देऊ नका.