मावशीचा निराधारचा अर्ज असा भरला

विधवा मावशीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मीच भरला. महिना १५०० रुपये, तिच्या औषधांना तेवढाच आधार. आधी उत्पन्नाचा दाखला काढा. वर्षाला २१,००० च्या आत हवा. सोबत काकांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा रहिवासी दाखला. अर्ज दिलात की पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. आमचा पहिला अर्ज गहाळ झाला आणि हातात पोच नव्हती; मावशी त्या दिवशी पायरीवर बसून रडली.

पैसे थेट खात्यात येतात, म्हणून बँकेत आधार जोडलंय ना, ते आधीच बघा. भांडी घासून घासून मावशीचा अंगठा इतका झिजलेला, की मशीन घेईना. हात कोमट पाण्यात धुऊन एकेक बोट लावलं, तेव्हा अनामिका लागली. ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.