सोर्सवरून कंपाइल करण्याआधीची तयारी

सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः कंपाइल करून बसवलेलं सॉफ्टवेअर उद्या काढायचं झालं तर कसं काढणार? ‘कॉन्फिगर’ (कंपाइलचे पर्याय ठरवणारी स्क्रिप्ट) चालवण्याआधी एवढं ठरवा. माझी सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती असते.

आधी गरज तपासा. डेबियन स्टेबलवर (डेबियन लिनक्सची स्थिर आवृत्ती) ॲप्ट या पॅकेज मॅनेजरच्या ‘ॲप्ट पॉलिसी’ कमांडने हाताशी कुठली आवृत्ती आहे ते बघा, बॅकपोर्ट्समध्ये (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांचा साठा) डोकवा. तिथे मिळालं तर खटाटोप नकोच.

नाही मिळालं, तर जागा ठरवा. ‘यूएसआर’ फोल्डरखालचे बिन (प्रोग्रॅम) आणि लिब (प्रोग्रॅम वापरतात त्या लायब्ररी) हे पॅकेज मॅनेजरचे, तिथे आपली फाइल ठेवली तर एखाद्या अपग्रेडमध्ये ती गुपचूप बदलली जाईल. ‘यूएसआर-लोकल’ आपल्यासाठी मोकळं ठेवलेलं आहे. पण तिथे सगळं एकत्र ओतू नका. कुठली फाइल कशाची, हे ‘डीपीकेजी’ला (ॲप्टखालचं, पॅकेजांची नोंद ठेवणारं साधन) विचारून उपयोग नाही, त्याच्या वहीत ती नोंदच नसते. ‘मेक अनइन्स्टॉल’ ही काढून टाकणारी कमांड प्रत्येक प्रकल्पात असतेच असं नाही. म्हणून मी ग्नू स्टो वापरते: यूएसआर-लोकलमधल्या स्टो फोल्डरात प्रत्येक आवृत्तीचं वेगळं घर, तोच प्रिफिक्स (बसवण्याची जागा), आणि बाहेर फक्त सिमलिंक (त्या फाइलींकडे बोट दाखवणारे दुवे). ‘स्टो -डी’ (मोठा D) दिलं की सिमलिंक जातात, घर शाबूत राहतं, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर परतता येतं.

लायब्ररीच्या बाबतीत मात्र फार जपा. बाणेरच्या ऑफिसात मी एक लायब्ररी स्वतः कंपाइल करून यूएसआर-लोकलच्या लिबमध्ये टाकली होती. काही महिन्यांनी तिचाच सुरक्षा अपडेट ॲप्टने आणला, सगळ्यांना वाटलं काम झालं. पण डेबियनचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणारा) यूएसआर-लोकल आधी बघतो, त्यामुळे प्रोग्रॅम माझीच जुनी प्रत उचलत राहिले. ‘एलडीडी’ (प्रोग्रॅम कुठली लायब्ररी उचलतो ते दाखवणारी कमांड) चालवल्यावर ते दिसलं. मला ते अजून सलतं. आता एका प्रोग्रॅमपुरती लागणारी लायब्ररी मी त्याच्याच घरात ठेवते, मार्ग ‘आरपाथ’ने (प्रोग्रॅममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) देते. पायथनसाठी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’, म्हणजे साध्या ‘पायथन३’ या नावावर आपली प्रत बसत नाही.

डिपेंडन्सी (कंपाइलला लागणारी इतर पॅकेजेस) ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ने येतात, त्यासाठी ॲप्टच्या सोर्सेस यादीत ‘डेब-एसआरसी’ हवं. काय काय आलं ते ॲप्टच्या हिस्टरी लॉगमधून उतरवून घ्या.

मेमरीही बघा. मोठ्या सी++ प्रकल्पात एकेक जॉब एखादा जीबी सहज खातो, म्हणून आठ जीबीच्या लॅपटॉपवर ‘-जे ८’ (एकदम आठ जॉब) देऊ नका. आणि मे महिन्यात दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर वीज जाऊ शकते, चार्जिंग आधी करा. तुटलेलं कंपाइल बहुतेक वेळा पुढे चालतं. मध्येच तुटलेलं इन्स्टॉल अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवून जातं.

टारबॉल (सोर्सचं गाठोडं), त्याची सही (ते अस्सल असल्याची डिजिटल खूण) आणि ‘कॉन्फिग लॉग’ जपून ठेवा. तुम्ही कुठले पर्याय दिले होते ते त्यात वरच असतं. त्या प्रकल्पाच्या सुरक्षा सूचना स्वतः वाचत राहा, कारण ॲप्ट याची आठवण करणार नाही. डेबियनमध्ये हवी ती आवृत्ती आली, की त्याच दिवशी ‘स्टो -डी’ आणि ‘ॲप्ट इन्स्टॉल’.