अजिंठा-वेरूळ-देवगिरी, स्वतःच्या गाडीने: या चुका टाळा

पहिली चूक वाराची. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रविवार जोडून सोमवारी निघालेली कितीतरी कुटुंबं फर्दापूरहून तशीच मागे फिरतात. दोन्ही लेणी एका दिवसात उरकायचा बेतही करू नका. संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटर, वेरूळ तीसेक, तेही वेगळ्या दिशेला. अजिंठ्यात स्वतःची गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच लावावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसने. म्हणून पाणी, टोप्या, आजी-आजोबांची औषधं गाडीतून उतरतानाच पाठीवर घ्या. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या असतात आणि दुपारी तो काळा दगड तव्यासारखा तापतो. पोरांना जाड सुती मोजे घाला. आत फ्लॅश मारू नका. त्या रंगांना प्रकाश सोसत नाही.

उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक वेळा हवा कमी असल्याने. शंभर किलोमीटर पळालेल्या गरम टायरचा दाब तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो, आणि लोक पंपावर जास्तीची म्हणून हवा सोडतात. टायर गार झाला की तोच दाब ठरल्यापेक्षा खाली जातो. कमी हवेचा टायर पळताना जास्त दबतो, बाजूच्या भिंती तापतात आणि तिथेच तो फाटतो. दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. सगळी माणसं आणि सामान भरल्यावरचा वेगळा दिला असेल तर तोच धरा. स्टेपनीही तपासा.

इंजिनच्या तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली आणि गाडी सावलीत. काटा लाल पट्टीत गेला तर इंजिन लगेच बंद करा. निदान अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

देवगिरीच्या किल्ल्यावर सकाळी लवकर चढा. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांच्या विष्ठेने पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा गुळगुळीत तळाची चप्पल नको, हातात चांगली बॅटरी हवी. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या चांदमिनारापाशीच थांबावं. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

पावसाळ्यात फोटोसाठी गाडी डांबराखाली उतरवू नका. काळ्या मातीत चाक रुतलं की रेस दिल्याने आणखी खोल जातं. माणसं उतरवा, चाकापुढे तुराट्या किंवा पायपुसणी घाला, दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा.