मित्राच्या लॅपटॉपमध्ये राहिलेल्या गाण्यांचा रॅप अल्बम काढताय? या चुका टाळा

गेल्या दोन-तीन वर्षांत मला वेगवेगळ्या पोरांनी एकच प्रश्न विचारलाय, की दादा आमचा मित्र गेला, त्याच्या लॅपटॉपवर पंधरा-वीस गाणी पडलीयत, काही पूर्ण काही अर्धी, त्याचा अल्बम काढायचाय, सुरुवात कुठून करू. मी असा एक अल्बम केलाय, आमच्याच ग्रुपमधल्या मित्राचा, अकरा ट्रॅक, चौदा महिने लागले, आणि त्यात मी ज्या चुका केल्या त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेतल्या मोठमोठ्या लोकांनीही आधीच करून ठेवलेल्या आहेत हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर निदान सहा महिने वाचले असते.

सगळ्यात आधी, ओरिजिनल लॅपटॉप किंवा हार्ड डिस्क उघडून त्यावरच काम सुरू करू नका. सेशन, म्हणजे गाण्याची प्रोजेक्ट फाइल, उघडलं, चुकून सेव्ह झालं, आणि त्याने शेवटचं जसं ठेवलं होतं ते गेलं, कायमचं. पूर्ण डिस्कची कॉपी काढा, एक नाही दोन, एक त्याच्या घरी ठेवा आणि एक तुमच्याकडे, आणि ओरिजिनल बंद करून कपाटात ठेवा. मग फाइल्सना हात न लावता नुसती यादी करा, कोणती फाइल, कधीची, किती मिनिटांची, त्यात हूक (परत परत येणारी ओळ) आहे का, किती व्हर्स (कडवी) आहेत, आणि आवाज वेगळा आहे की बीटमध्ये, म्हणजे मागच्या संगीतात, मिसळून एकच फाइल म्हणून बाउन्स झालाय. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सुटा आवाज असेल तर तुमच्याकडे गाणं आहे, आणि सगळं एकत्र एमपीथ्री असेल तर तुमच्याकडे जे आहे ते तेवढंच आहे असं समजून पुढे चला. आवाज वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आता चांगली झालीयत पण स, श, ख अशा अक्षरांच्या कडा खातात, आणि रॅपमध्ये अर्धी मजा त्याच अक्षरांत असते.

दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲपवर त्याने कुणाकुणाला पाठवलेली गाणी गोळा कराल तेव्हा ती अल्बमची फाइल म्हणून वापरू नका, बरेचदा दाबून आलेली असतात. पण गोळा नक्की करा, कारण त्याला गाणं कसं हवं होतं ते त्या रफ मिक्समधूनच कळतं. आमच्याकडे एका गाण्याचं सेशन उघडलं तर ऑटोट्यूनचं, म्हणजे आवाजाचा सूर बदलणारं, प्लगइन माझ्या मशीनवर नव्हतं, त्यामुळे आवाज एकदम कोरा वाजत होता, आणि मला वाटलं हे त्याने असंच ठेवलंय, छान आहे. नंतर त्याच्या मावसभावाकडे त्याच गाण्याची पाठवलेली कॉपी सापडली, त्यात ऑटोट्यून भरपूर होतं आणि त्याने मुद्दाम ठेवलं होतं. मी तीन आठवडे चुकीच्या गाण्यावर काम करत होतो.

आवाज जाड वाटतोय, सुस्त वाटतोय, 'हा तो वाटतच नाही' असं घरच्यांनी म्हटलं तर आधी सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजून साठवलाय तो आकडा, बघा. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलेली फाइल चुकून ४४.१ समजून वाजवली तर ती साधारण ८ टक्के हळू होते आणि सूर जवळपास दीड सेमीटोन खाली जातो. ऐकताना चूक पटकन लक्षात येत नाही, फक्त माणूस थोडा आजारी असल्यासारखा वाटतो. उलटं झालं की तो लहान पोरगा वाटतो. बीट सुरात बसत नाही म्हणून लोक आवाज ताणायला जातात आणि खरी गडबड एका सेटिंगची असते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त अल्बम इथेच बिघडतात. आवाज बीटला जुळवायचा नाही. बीट आवाजाला जुळवायची.

अमेरिकन रॅपर टूपाक शकूरचं उदाहरण घ्या. तो १३ सप्टेंबर १९९६ ला लास वेगासमध्ये गेला तेव्हा त्याची इतकी रेकॉर्डिंग मागे होती की पुढची दहा वर्षं अल्बम येत राहिले. त्याची आई अफेनी शकूर हिने अमारू एंटरटेनमेंट काढली आणि १९९७ मध्ये 'आर यू स्टिल डाउन?' हा डबल अल्बम आणला, ती गाणी मुख्यतः त्याच्या आधीच्या वर्षांतली होती. मग 'अंटिल द एंड ऑफ टाइम' २००१ मध्ये, 'बेटर डेज' २००२ मध्ये, आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये 'लॉयल टू द गेम', ज्याची बहुतेक गाणी रॅपर एमिनेमने प्रोड्यूस केली. एमिनेमचं टूपाकवर मनापासून प्रेम होतं यात शंका नाही, आणि अल्बम बिलबोर्डवर एक नंबरलाही गेला, त्यातलं 'घेटो गॉस्पेल' तर २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबर झालं. पण तो अल्बम नीट हेडफोन लावून ऐका. टूपाकचा आवाज नव्या बीटच्या वेगात बसवण्यासाठी ताणलाय, कुठे आवळलाय, आणि काही ठिकाणी तर तुकडे जोडून त्याच्या तोंडी अशी नावं घातलीयत जी तो जिवंत असताना त्याला माहीत असणंच शक्य नव्हतं. ऐकणाऱ्यांना ते लगेच टोचलं आणि इतक्या वर्षांनी अजूनही टोचतं. इतका मोठा प्रोड्यूसर, इतकी चांगली नियत, आणि तरी हे झालं, कारण बीट आधी ठरली होती आणि माणूस नंतर त्यात बसवला गेला.

टूपाक शब्द ओढायचा, मोठ्या व्यंजनावर जोर देऊन पुढचं अक्षर बीटच्या किंचित मागे सोडायचा. असा माणूस ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या आखलेल्या रेघांवर, बसवला की तो सरळ होतो, आणि सरळ टूपाक कुणाला हवाय. आपल्याकडच्या मराठी रॅपरमध्येही हे असतंच. माझा मित्र 'नाक्यावर' हा शब्द म्हणताना 'ना' वर थांबायचा आणि 'क्यावर' उशिरा टाकायचा, जणू कोपऱ्यावरून वळून येतोय. मी पहिल्या मिक्समध्ये तो शब्द ४० मिलिसेकंद पुढे सरकवला, म्हटलं आता कसा टाइट बसला. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर तो शब्द कुणीही म्हटला असता असा झाला होता. परत होता तिथे ठेवला, आणि किकच, म्हणजे ड्रमचा ठोकाच, मागे घेतला.

तर पद्धत अशी ठेवा. आधी सुटा आवाज ऐका, बीट बंद, दहा वेळा. तो कुठे श्वास घेतो, कुठे घाई करतो ते लिहून काढा. मग त्याच्या आवाजावरून टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते काढा. बरेचदा त्याने नेटवरच्या एखाद्या बीटवर म्हटलेलं असतं आणि टेम्पो ८७ नसून ८६.७ असतो, आणि ८७ चं ग्रिड लावलं की सोळाव्या बारपर्यंत, म्हणजे तालाच्या सोळाव्या आवर्तनापर्यंत, दोघं एकमेकांपासून सरकलेले असतात. लोक याला 'रॅपर ऑफबीट आहे' म्हणतात. तो ऑफबीट नाहीये, तुमचा आकडा चुकलाय.

पाहुणे बोलावण्याबद्दल. हा मोह प्रत्येकाला होतो, की व्हर्स एकच आहे, मग दुसरी आपल्यातल्या कुणाला तरी देऊ, आणि बघता बघता ज्याचा अल्बम आहे तोच प्रत्येक गाण्यात चाळीस सेकंद दिसतो. टूपाकच्याच काळात गेलेला रॅपर नोटोरियस बीआयजी, त्याच्याकडे टूपाकसारखा साठा नव्हता, म्हणून १९९९ चा 'बॉर्न अगेन' आणि २००५ चा 'ड्युएट्स' हे बरेचसे जुन्या ओळी आणि नवे पाहुणे यांवर उभे आहेत. रॅपर पॉप स्मोकच्या बाबतीत तो गेल्यावरचा २०२० चा पहिला अल्बम, रॅपर फिफ्टी सेंटने हातात घेतलेला, बऱ्यापैकी सांभाळला गेला, म्हणजे डिझायनर व्हर्जिल अब्लोहने केलेलं कव्हर चाहत्यांना इतकं आवडलं नाही की अर्ज-विनंत्या झाल्या आणि ते बदलावं लागलं, पण गाणी त्याचीच वाटतात. २०२१ च्या 'फेथ'मध्ये मात्र पाहुण्यांची इतकी गर्दी झाली की मधे मधे त्यालाच शोधावं लागतं.

याच्या उलट रॅपर मॅक मिलरचा 'सर्कल्स' ऐका, जानेवारी २०२० चा. तो सप्टेंबर २०१८ मध्ये गेला, आणि जॉन ब्रायन, जो त्याच्यासोबत त्या गाण्यांवर आधीपासून काम करत होता, त्यानेच ती पूर्ण केली, दोघांमध्ये जे बोलणं झालं होतं त्याच्या आधारावर. मोठ्या नावांची रांग नाही. माझ्या मते फरक इथेच पडतो, पूर्ण करणारा माणूस त्या खोलीत बसलेला होता. तुमच्या मित्राच्या रेकॉर्डिंगला जो शेजारी बसायचा, बीट लावून द्यायचा, त्याला शोधा, तो मिक्सिंगमध्ये कच्चा असला तरी चालेल, त्याला विचारल्याशिवाय काही फायनल करू नका. फीचर, म्हणजे पाहुण्याचा भाग, ठेवायचंच असेल तर ज्याच्यासोबत त्याने स्वतः गाणं ठरवलं होतं त्यालाच घ्या.

साफसफाई. घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यात पंखा, रिक्षा, कुकरची शिट्टी सगळं असतं. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून थोडं लावा, दोन टप्प्यांत लावा, आणि व्हर्स चालू असताना राहिलेला आवाज बीट झाकून टाकते, त्याची फार चिंता करू नका. पण टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या, आधी आणि नंतरचं जे असतं ते कापताना दहा वेळा विचार करा. आमच्या एका गाण्याच्या सुरुवातीला तो म्हणतो, "आई, जरा पंखा बंद कर गं," मग बटणाचा टक आवाज, मग पंखा फिरत फिरत थांबतो, तो घसा साफ करतो आणि सुरू होतो. मी ते सगळं कापलं, कचरा म्हणून. काकूंना गाणं ऐकवायला गेलो, त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि एवढंच विचारलं की त्याने मला हाक मारलेली ती कुठे गेली. त्यांना आठवत होतं, कारण त्या दिवशी पंखा त्यांनीच बंद केला होता. ते २३ सेकंद मी हात न लावलेल्या कॉपीवरून परत आणले. कॉपी ठेवली होती म्हणून आणता आले.

राहिलेली व्हर्स एआयने त्याच्या आवाजात बनवून भरू नका. सोपं झालंय आता, मला माहितीये, अर्ध्या तासात होतं. एप्रिल २०२४ मध्ये रॅपर ड्रेकने एका गाण्यात टूपाकचा एआय आवाज वापरला, टूपाकच्या इस्टेटने, म्हणजे त्याचे हक्क सांभाळणाऱ्यांनी, वकिलाची नोटीस पाठवली आणि त्याला ते गाणं काढावं लागलं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जे त्याने कधी म्हटलंच नाही ते त्याच्या आईला त्याच्या आवाजात ऐकवायचं, हे मला जमणार नाही.

आणि कागद. हे कंटाळवाणं आहे पण गाणी इथेच अडकतात. स्टुडिओवाल्याकडे हार्ड डिस्क आहे म्हणून गाणी त्याची होत नाहीत, आणि तुमच्याकडे पासवर्ड आहे म्हणून तुमचीही नाहीत. आपल्याकडे गीत आणि संगीताचा कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि तो वारसांकडे जातो. मृत्युपत्र नसेल आणि हिंदू मुलाचं लग्न झालेलं नसेल तर १९५६ च्या वारसा कायद्याने पहिली वारस आई असते, वडील पुढच्या वर्गात येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हक्क कुणाला द्यायचे तर लेखी आणि सही करून, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ तेच सांगतं, 'काकू हो म्हणाल्या' एवढ्यावर चालत नाही. कलम ५७ पण वाचून ठेवा, कामाची मोडतोड होऊन त्याच्या नावाला धक्का लागत असेल तर वारस दाद मागू शकतात. पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला मे २०२२ मध्ये गेला तेव्हा घरच्यांनी लगेच सगळ्या प्रोड्यूसरना जाहीर विनंती केली होती की त्याची पूर्ण-अपूर्ण गाणी परस्पर बाहेर काढू नका, वडिलांकडे द्या. तरी एका गाण्यावर कोर्टातून स्थगिती आणायची वेळ आलीच.

बीट नेटवरून लीजवर, म्हणजे भाड्याने, घेतलेली असेल तर ते लायसन्स त्याच्या नावाचं असतं आणि त्याला स्ट्रीमची मर्यादा असू शकते, त्याचा मेल शोधा, पावती काढा, बीटमेकरला सगळं खरं सांगून नवीन घ्या. आमच्या बाबतीत एकाने पैसेच घेतले नाहीत. जुन्या मराठी गाण्याचा तुकडा सॅम्पल केलेला, म्हणजे उचलून बीटमध्ये वापरलेला, असेल तर परवानगी मिळेपर्यंत ते गाणं बाजूला ठेवा, नाहीतर पूर्ण अल्बम प्लॅटफॉर्मवरून उतरू शकतो. आणि डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे गाणी प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, टाकताना आर्टिस्टचं नाव त्याच्या जुन्या गाण्यांवर जसं आहे तसंच टाका, अगदी स्पेससकट, नाहीतर दुसरंच प्रोफाइल तयार होतं आणि त्याचे ऐकणारे तिथे पोचतच नाहीत.

शेवटी राहतं काय ठेवायचं आणि काय नाही. अमेरिकन गायक-रॅपर अँडरसन पाकने २०२१ मध्ये हातावर गोंदवूनच घेतलं की मी गेल्यावर माझं काही काढू नका, ते फक्त डेमो होते. तुमच्या मित्राने असं कुठे म्हटलंय का ते आधी विचारा, सगळ्यांना विचारा. त्याने म्हटलं असेल तर विषय संपला. नसेल म्हटलं तरी वीस गाणी आहेत म्हणून वीस काढायची गरज नाही. रॅपर एक्सएक्सएक्सटेन्टासिऑनचा, तो गेल्यावर आलेला, 'स्किन्स' दहा गाण्यांचा आणि जेमतेम २० मिनिटांचा आहे, आणि त्यातलं कच्चेपण लपत नाही. आम्ही सतरातली सहा गाणी काकूंकडे दिली, ती त्यांच्याकडेच आहेत.

अकरावं गाणं १ मिनिट ४० सेकंदांचं आहे. हूक आहे, एक व्हर्स आहे, दुसऱ्या व्हर्सच्या चार ओळी आहेत, मग तो "थांब, परत घेतो" म्हणतो. बीट तिथे बंद केलीये. त्यापुढे काही जोडलेलं नाही.