विदर्भातल्या खेड्यात ‘उशीर’ मोजायला निघण्याआधी

एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा पब्लिक हेल्थ करून अमरावती, यवतमाळ, वाशीमकडे फिल्डवर्कला येणाऱ्या मुलामुलींच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास असतं : ग्रामीण भागात अज्ञानामुळे लोक मानसिक आजारावर उपचार घ्यायला उशीर करतात. मी काही वर्षांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या (पीएचसी) हद्दीत नैराश्यावरच्या अभ्यासासाठी मुलाखती घेते आहे. माझं पहिलं सांगणं हेच, की ते वाक्य आधी खोडा.

बहुतेक माणसं घरी बसून राहिलेली नसतात. बाई सांगते, “जीव घाबरते, हातापायातली ताकदच गेली, झोप नाई लागत.” ती आधी गावातल्या डॉक्टरकडे जाते. तो सुई देतो, सलाईन लावतो, दोन दिवस बरं वाटतं. मग तालुक्याला रक्त-लघवी आणि ईसीजी, सगळं नॉर्मल. मग कुणीतरी म्हणतं बाहेरचं आहे, म्हणून अंगारा होतो, नाहीतर बुलडाणा जिल्ह्यात सैलानीच्या दर्ग्याची वारी. मधेच कधीतरी ती पीएचसीतही येऊन ताकदीच्या गोळ्या घेऊन गेलेली असते. तिथे कुणी झोपेबद्दल पुढचा प्रश्न विचारला असता तर तिचं अर्धं वर्ष वाचलं असतं.

म्हणून उशीर एका आकड्यात मांडू नका. बाळंतपणातल्या मृत्यूंसाठी थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली होती, ती थोडी बदलून इथे चालते. त्रास सुरू झाल्यापासून घरात बोलेपर्यंत किती काळ गेला, बोलल्यापासून पहिल्या कुणाकडे तरी जाईपर्यंत किती, आणि तिथून निदान होईपर्यंत किती. शेवटचा हिस्सा आरोग्यव्यवस्थेचा आहे. तो सगळ्यात लांब निघाला, तर अहवालात तसाच लिहा.

“कधीपासून त्रास आहे?” याचं उत्तर “लय दिवस झाले” असंच येणार. त्यासाठी आशाताईंसोबत बसून गावाचं कॅलेंडर बनवा : पेरणी, पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची सोंगणी, दिवाळी, कापसाची पहिली वेचणी. “पोळ्याच्या आधी झोप लागत होती का?” असं विचारलं की माणूस बरोबर सांगतो. जुन्या त्रासासाठी मोठी वर्षं धरा. यवतमाळकडे गुलाबी बोंडअळीचं वर्ष म्हटलं की २०१७ डोळ्यासमोर येतं. वेचणीच्या दिवसांत मात्र दुपारी घरी कुणी सापडत नाही, आणि सापडलं तरी तुमच्या तासभराच्या मुलाखतीत त्या बाईची मजुरी बुडते. संध्याकाळी जा.

एकांत मिळणं ही खेड्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. सून ओट्यावर बसलेली, सासू दारात, शेजारीण कुंपणाशी. सासू म्हणते, “सांग ना वं, काय होते तुले,” आणि सून म्हणते, “काई नाई, बरं आहे.” अशा वेळी फॉर्म भरत बसलात तर तो फॉर्म खोटा ठरतो. आम्ही यावर एक साधा उपाय काढला. आशाताई सासूबाईंचं बीपी मोजायला आत बसतात, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि तेवढ्या वेळात सून माझ्याशी मागच्या अंगणात बोलते. पुरुषांशी बोलायला शेताचा बांध बरा, पारावर कुणी खरं बोलत नाही.

नैराश्य मोजण्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरणार असाल तर तिच्यातले शब्द गावागणिक स्वतःहून बदलू नका, नाहीतर गुणांची तुलनाच करता येत नाही. लोकांच्या शब्दांत गप्पा आधी करा, मग तपासून घेतलेली मराठी प्रश्नावली जशीच्या तशी वाचा. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७, आणि साधारणपणे १० किंवा अधिक आले की पुढची तपासणी. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. त्याला “हो” आलं तर मुलाखत तिथेच थांबवा. माणसाला एकटं सोडू नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच वेळी फोन करा, घरातलं फवारणीचं औषध घरच्यांकडून कुलपात ठेवून घ्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. हे सगळं कोण करणार, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी ठरलेलं हवं. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली म्हणजे ही तयारी झाली असं नाही.

आता उपचाराकडे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतला ‘विश्राम’ प्रकल्प प्रत्येक नवख्याने वाचावा. गावपातळीवरच्या समुपदेशकांच्या कामामुळे तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यातल्या पीएचसींमध्ये तपासलेला ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ही बघा. त्याचा गाभा सोपा आहे : मन लागत नाही म्हणून सुटलेली कामं थोडी थोडी परत सुरू करायची, म्हणजे मनही सावरायला लागतं. हा गाभा हलवायचा नाही. बाकी बरंच बदलावं लागतं. “आवडीची गोष्ट करा” असं दिवसभर निंदणाला जाणाऱ्या बाईला सांगून काय उपयोग? तिच्या यादीत बचत गटाची बैठक येते, भजनी मंडळ येतं, माहेरी एक फोन येतो. लिहिता न येणाऱ्यांना कसं वाटलं ते दाखवता यावं म्हणून आम्ही चेहऱ्यांची चित्रं वापरतो. कर्जाच्या हप्त्याचा विषय टाळून शेतकऱ्याशी एकही सत्र पुढे जात नाही, तेव्हा समुपदेशकाला पीककर्ज देणारी सोसायटी आणि पीकविमा यांची माहिती हवीच.

अंगारा-धुपाऱ्यावरून कुणाला झापू नका. “तिकडे जा, पण गोळी बंद करू नका” एवढं पुरतं. साखळीने बांधणं, मारणं दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये साखळीने बांधण्यावर बंदी आहे.

आणि रेफरलची चिठ्ठी लिहिण्याआधी पीएचसीच्या फार्मासिस्टना विचारा, नैराश्याचं औषध शिल्लक आहे का. नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, गावातून पहिली एसटी किती वाजता निघते, परतीची कधी आहे, हे चिठ्ठीच्या मागे लिहून द्या. इतक्या वळणांनी तुमच्यापर्यंत आलेली बाई एकदा रिकाम्या हाताने परतली, की पुढच्या भेटीला दार उघडत नाही.